आता तुम्ही बोला

मोठ्या माणसांना धर्माच्या दारात आणून सोडतात ती बहुधा त्यांची पोरं. अमेरिकेत रविवारी सकाळी बालविहाराच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, पार्किंगमध्ये हे बघायला मिळतं. पोराला वर्गात ढकललं की आईबाप मोकळे. पण घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही, बाहेर थंडी मी म्हणत असते, आणि शेजारच्या हॉलमध्ये पालकांसाठी गीतेचा वर्ग चालू असतो. मग काय, बसतात. मीही अशीच बसले. स्थितप्रज्ञाची लक्षणं मी एक डोळा घड्याळावर ठेवून ऐकली आहेत. तरीही त्यातलं बरंच डोक्यात राहिलं, याचं श्रेय शिकवणाऱ्यांचं.

त्या वर्गात आम्ही ऐकायचो. शेवटची पाच मिनिटं प्रश्नांसाठी असत आणि दर वेळी तेच दोघं-तिघं बोलत. त्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न म्हणजे छोटं प्रवचनच असे. बाकीचे आम्ही माना डोलवणारे. मला त्यात काही खटकलं नाही. खटकणार तरी कसं? कीर्तन, प्रवचन, सप्ताह, चातुर्मासातली पोथी, रेडिओवरचं सकाळचं चिंतन. आपलं मोठेपणीचं सगळं शिक्षण कानांनी झालेलं. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. समर्थांनी दासबोधाचा चौथा दशक श्रवणभक्तीनेच सुरू केला आहे. ऐकणाऱ्याने ऐकावं, सांगणाऱ्याने सांगावं, शेवटी आरती आणि प्रसाद. घरी जाताना 'आज छान झालं' एवढं म्हणावं.

मुलगी कॉलेजला गेली आणि बालविहार सुटला. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावाच्या मधोमध, न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक गावांत असतं तसं, पांढऱ्या मनोऱ्याचं जुनं चर्च आहे. आत आहे ती युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळी. दोन जुने प्रवाह 1961 साली एकत्र येऊन हा पंथ झाला. युनिटेरियन म्हणायचे की देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा ही विभागणी आम्हाला मान्य नाही. युनिव्हर्सलिस्ट म्हणायचे की प्रेमळ देव कोणालाही कायमचा नरकात टाकणार नाही, शेवटी सगळेच तरतील. आज या मंडळीत सभासद व्हायला कसल्याच मताची अट नाही. नास्तिकही आहेत, बौद्ध आहेत, ज्यू घरातून आलेले आहेत. वर बिशप वगैरे कोणी नाही. 1648 साली या भागातल्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट, मंडळींनी ठरवून टाकलं की प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार. तेव्हाची मतं गेली, ही रीत राहिली. पाळक सभासद निवडतात, त्याचा पगार सभासद ठरवतात, आणि वार्षिक सभा आपल्या सोसायटीच्या एजीएमसारखी छपराच्या गळतीवर तासभर अडून बसते.

शरद ऋतू लागला की चर्चबाहेरच्या फलकावर मोठ्यांच्या वर्गांची यादी लागते. ध्यान. शोक. वृद्ध आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांचा गट. शेवटच्या आजारपणात आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्याची कागदपत्रं भरायची दोन सत्रं (या राज्यात त्याला हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात, आणि तो फॉर्म घरोघरी ड्रॉवरमध्ये कोरा पडलेला असतो). आणि एक वर्ग आपली श्रद्धा आपल्या शब्दांत लिहिण्याचा, आठ आठवड्यांचा. शेजारीण तिथली जुनी सभासद. म्हणाली, चल. मी म्हटलं, मी ख्रिश्चन नाही. ती म्हणाली, मीही नाही.

वर्ग घेणारी बाई पाळक नव्हती. ती आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे छोट्या स्टुलावर चॅलिस, म्हणजे पसरट पेल्यातली ज्योत. ती पेटवून सुरुवात, विझवून शेवट. हे चिन्ह 1941 मधलं, हान्स डॉइच नावाच्या ऑस्ट्रियन निर्वासिताने काढलेलं. नाझींपासून पळणाऱ्यांना लिस्बनमधून मदत करणाऱ्या युनिटेरियन समितीला तेव्हा कागदपत्रांवर छापायला काहीतरी हवं होतं. दीपप्रज्वलनाची आपल्याला सवय असल्यामुळे तेवढं मला घरच्यासारखं वाटलं. बाकी काहीच वाटलं नाही.

पहिली संध्याकाळ नियम ठरवण्यात गेली. इथलं बोलणं इथेच राहील. कोणी कोणाला तोडणार नाही. बोलायचं नसेल तर 'पास' म्हणावं, कारण विचारलं जाणार नाही. आणि सगळ्यात अवघड: कोणी काही सांगितलं तर त्याला उत्तर द्यायचं नाही. सल्ला नाही, 'माझंही असंच झालं होतं' नाही, सांत्वनसुद्धा नाही. फार तर एखादा प्रश्न विचारावा, आणि तोही ज्याचं उत्तर आपल्याला खरंच माहीत नाही असा.

मराठी माणसाला हे किती जड जातं ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्याकडे कुणी दुखणं उच्चारलं की पहिल्या वाक्याला ओव्याचा शेक, दुसऱ्याला डॉक्टरचा नंबर, तिसऱ्याला 'एवढा विचार करू नकोस गं'. समोरचा अजून मूळ मुद्द्यावरही आलेला नसतो. दुसऱ्या आठवड्यात एक उंच, अबोल गृहस्थ म्हणाले की त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही हे त्यांना पूर्ण कळलेलं नाही, थोडं कळलेलं आहे. एवढंच. माझ्या जिभेवर तीन उपाय तयार होते, एक तर नक्की लागू पडणारा. पण सगळे गप्प. गृहस्थ कपाकडे बघत राहिले. मग कोणी काही बोलायच्या आधी त्यांनीच पुढचं वाक्य सांगितलं, आणि ते आधीच्या वाक्यापेक्षा खरं होतं. मी उपाय सांगितला असता तर ते वाक्य आलंच नसतं. ते काय होतं ते इथे सांगणार नाही, नियम आहे.

या पद्धतीचं मूळ शोधता शोधता मी मार्गारेट फुलरपर्यंत पोचले. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या युनिटेरियन घरातली ही बाई. वडिलांनी लहानपणीच लॅटिन शिकवलेलं, आणि त्या विद्येचं करायचं काय हे पुढे कोणीच न सांगितलेलं. 1839 ते 1844 या काळात तिने बॉस्टनमध्ये बायकांसाठी पैसे भरून यायचे संभाषणवर्ग चालवले. पुढे ते एलिझाबेथ पीबडीच्या वेस्ट स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानात भरत. विषय ग्रीक पुराणकथांचे, कलेचे, नीतीचे. तिचं म्हणणं असं की मुलींना शिकवतात पुष्कळ, पण शिकलेलं पुन्हा मांडायची वेळ त्यांच्यावर कधी आणत नाहीत. पुरुषाला व्यासपीठावर, कोर्टात, निदान धंद्यात तरी ते वापरावं लागतं. बाईचं शिक्षण तिच्या आतच विरून जातं. म्हणून वर्गात फुलर थोडं बोलायची आणि मग प्रत्येकीला विचारायची: तुम्हाला काय वाटतं? नुसतं ऐकून जायला आलेल्यांची तिथे पंचाईत.

1841 च्या एका सत्रात पुरुषांनाही घेतलं. निबंधकार आणि विचारवंत एमर्सनही आले. नऊ वर्षांपूर्वी बॉस्टनच्या चर्चमधलं पाळकपद सोडलेले, पुढे गीतेच्या प्रेमात पडलेले तेच एमर्सन. ते सत्र फसलं. पुरुष बोलत राहिले आणि बायका मागे सरकल्या. हे आपल्याला कळतं ते कॅरोलाइन हीली नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने तेव्हा केलेल्या टिपणांमुळे. या कॅरोलाइनचं पुढे चार्ल्स डॉल या पाळकाशी लग्न झालं. 1855 मध्ये डॉलसाहेब युनिटेरियन मिशनरी म्हणून कलकत्त्याला गेले आणि 1886 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले; ब्राह्मो समाजाच्या लोकांशी त्यांची चांगली ऊठबस. बायको मात्र अमेरिकेतच. त्या संसाराबद्दल कोणीतरी कादंबरी लिहावी.

म्हणजे ओढूनताणून न आणताही हा धागा आपल्याकडे येतो. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन 1864 मध्ये मुंबईला आले, त्यांच्या भाषणांनी मंडळी हलली, आणि 31 मार्च 1867 ला आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. रानडे आणि भांडारकर आले ते थोडं नंतर. मूर्ती नाही, पुरोहित नाही, तुकोबांचा अभंग घेऊन त्यावर निरूपण. गिरगावातल्या समाजमंदिरावरून आजही रोज हजारो लोक जातात आणि बहुतेकांना प्रार्थना समाज हा बसचा थांबा म्हणूनच माहीत. जेबेझ संडरलँड हे अमेरिकन युनिटेरियन पाळक 1895 साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होते. पुढे युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षं धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. परत येऊन समाजाचं प्रचारकाचं काम पत्करलं, आणि 1906 मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. आमच्या गावच्या मंडळीत हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. मी एका संध्याकाळी सांगितलं. सगळ्यांनी नियम पाळून काहीच उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र मला त्या नियमाचा राग आला.

पण प्रार्थना समाजातही एक जण वर उभा आणि बाकीचे समोर बसलेले, हे राहिलंच. रानड्यांची प्रवचनं उत्तमच असणार. ती शेवटी प्रवचनंच. फुलरच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे घडली ती पुण्यात, पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये आर्य महिला समाज काढला तेव्हा. बायकांनी आठवड्यातून एकदा जमायचं, ऐकायचं आणि बोलायचंही. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या तर घरातल्या मोठ्या बायकांनी त्यांना किती टोचून बोललं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बाई पुराणाला गेली तर कोणाची हरकत नव्हती. कान चालत होते, तोंड नव्हतं.

श्रद्धा लिहून आणायची संध्याकाळ पाचव्या की सहाव्या आठवड्यात आली. एक पान, त्याहून जास्त नाही. माझं पान 'नाही'ने भरलेलं होतं. मूर्तीत देव आहे असं वाटत नाही. पुनर्जन्म पटत नाही. व्रतं करत नाही. सगळं खरं, आणि वाचता वाचता मलाच कंटाळा आला. वाचून झाल्यावर बसवाल्या बाईंनी एवढंच विचारलं, "विमान जोरात हलायला लागलं की तुम्ही काय करता?"

मी रामरक्षा म्हणते. लहानपणी दिवेलागणीला हातपाय धुऊन म्हणायचो ती. 'शिरो मे राघवः पातु' पासून सुरू, मग कपाळ, डोळे, कान, नाक, अशी खाली खाली पावलांपर्यंत. मी ती गोलातल्या लोकांना समजावून सांगितली: एकेका अवयवाला रामाचं एकेक नाव लावून पहारा बसवायचा. माझ्या डावीकडे एक नर्स होती, अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं काम केलेली. ती म्हणाली की ड्यूटी सुरू झाली की प्रत्येक पेशंटला ती याच क्रमाने तपासते, डोक्यापासून पायापर्यंत, काही सुटू नये म्हणून. आणि तेवढी मिनिटं तिला दुसरं काहीही सुचत नाही. समोरच्या निवृत्त इंजिनिअरने, कट्टर नास्तिक, सांगितलं की झोप येत नाही तेव्हा तो लहानपणच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची स्टेशनं ओळीने म्हणतो. त्यातली काही स्टेशनं आता बंद झाली आहेत. ती तो गाळत नाही.

त्या रात्री मी पान फाडून दुसरं लिहिलं. त्यात काय मानते हा भाग चार ओळींचा, काय करते हा भाग मोठा.

आता तक्रार. या वर्गांत सगळं आहे, फक्त अडवणारं काही नाही. 'मला असं वाटतं' म्हटलं की विषय संपला. कोणी मोडून काढत नाही आणि कोणता ग्रंथ समोर उभा राहून 'थांब, इतकं सोपं नाही' म्हणत नाही. माणसंही एकाच घडणीची: बहुतेक गोरी, शिकलेली, साठीच्या पुढची, स्वतःच्या घरात राहणारी. त्यांची दुःखं खोटी नाहीत, पण एकमेकांच्या दुःखांना ती ओळखीची असतात. हिंदू धर्मावर एक सत्र झालं त्यात चार आश्रम, कर्म, पुनर्जन्म असं एक झेरॉक्स पान वाटलं, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे माझ्याकडे बघायचे. खरं सांगायचं तर उपनिषदांचं वाचन कोपऱ्यात बसलेल्या निवृत्त ग्रंथपाल बाईंचं माझ्याहून जास्त. तरी पार्किंग मिळालं की 'गुड कर्मा' म्हणणारे तिथेही होतेच. गीतेचा तिसरा अध्याय एकदा ओळीने वाचला असता तर हे म्हणायला जीभ अडखळली असती. आठ आठवड्यांत आम्ही एकही ग्रंथ ओळीने वाचला नाही.

ओळीने वाचणं माझ्याकडे शनिवारी असतं. सकाळी नऊला झूमवर, पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, ज्ञानेश्वरीचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापक. न्यू जर्सीचे काका, डॅलसचं एक जोडपं, डोंबिवलीच्या दोघी बहिणी, आणि आम्ही बाकीचे. नऊ हजारांवर ओव्या आहेत, घाई कोणालाच नाही. बाई एकेका ओवीचा अन्वय लावतात, पाठभेद सांगतात, आणि आपल्याला सोयीचा अर्थ काढू देत नाहीत. "तुम्हाला काय वाटतं ते नंतर, ओवी काय म्हणते ते आधी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे मला फार आवडतं. फक्त ते 'नंतर' कधी यायचं नाही. दहा वाजले की पसायदान, आणि चौकोन एकेक करून काळे.

वास्तविक ज्ञानोबांचा श्रोता असा मुका नाही. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते श्रोत्यांकडे अवधान मागतात, पुढे त्यांच्याशी लडिवाळपणे बोलतात, लांबण लागली तर क्षमा मागतात. समर्थांचा श्रोता तर मधेच उठून आशंका घेतो आणि वक्त्याला थांबून उत्तर द्यावं लागतं. तुकोबा रानात एकटे बसून 'आपुलाचि वाद आपणांसी' म्हणतात. आपल्या परंपरेत बोलणारा श्रोता आहे. आपल्या हॉलमध्ये तो नाही. साउंड सिस्टिम आली, खुर्च्या रांगेत लागल्या, वेळेचं गणित आलं, माइक एकच राहिला. माझा अंदाज असा की वाडा नाहीतर देवळाची ओसरी होती तोवर पोथी मिटल्यावर बायका गुडघे चोळत तिथेच बसून बोलायच्या, आणि वर्ग खरा तेव्हा भरायचा. आता पोथी मिटली की गाडी काढायची असते.

म्हणून मी बाईंना विचारलं की शेवटची पंधरा मिनिटं ठेवूया का. ओवी आधीच, पण मग प्रत्येकाने दोन मिनिटं, या ओवीचं माझ्या घरात काय होतं तेवढंच सांगायचं, आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही. बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "करून बघू. नाही जमलं तर बंद."

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं चालू होती. पहिलंच अमानित्व: मान नको वाटणं, कोणी स्तुती केली तर अंगावर ओझं पडल्यासारखं होणं. अन्वय झाला, अर्थ झाला. "आता तुम्ही बोला," बाई म्हणाल्या. सगळे म्यूट. डॅलसच्या जोडप्याने कॅमेराच बंद केला. मग बाईच म्हणाल्या, "बरं, मी सांगते. दर शनिवारी लॉग इन केलं की मी आधी खाली आकडा बघते, किती जण आलेत. कमी असले की मला राग येतो. तो राग घेऊन मी तुम्हाला अमानित्व शिकवते."

"अहो बाई, तसं काही नाही हो," काका लगेच म्हणाले, "तुमच्यासारखं शिकवणारं—"

"काका, उत्तर द्यायचं नाही," मी म्हटलं.

"मग मी काय करू?"

"ऐका," डोंबिवलीची धाकटी बहीण म्हणाली. ती वर्गात बोलली हे तेव्हा पहिल्यांदाच.

काका ऐकत राहिले, पण त्यांना ते पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाले, "हे असं आपापलं सांगत बसायचं तर ज्ञानेश्वरी कशाला हवी? चहाला भेटू की." मी म्हटलं, चहाला भेटतो तेव्हा आपण घराच्या किमती बोलतो. त्यावर ते हसले, आणि तरी पटलं नाही म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. चर्चमधल्या वर्गाबद्दल माझी तक्रार तीच तर आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून. दोन मिनिटांची वीस व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ओवी उरते नावाला. बाईंनी फोनवर टायमर लावायला सुरुवात केली आहे. डॅलसवाले अजून 'पास' म्हणतात. बहिणींपैकी थोरलीने अदंभित्वाच्या दिवशी सासूबाईंच्या श्राद्धाबद्दल जे सांगितलं त्यानंतर टायमर वाजला तरी कोणी बंद केला नाही.

पुढे अहिंसा आहे. तिथे ज्ञानोबांनी शंभरावर ओव्या घेतल्या आहेत; पाऊल कसं टाकावं, नजर कशी ठेवावी, बोलणं तोंडातून कसं बाहेर पडावं इथपर्यंत. बरेच शनिवार जातील. काकांचा बाईंना निरोप आला आहे की त्यांना या विषयावर बोलायचं आहे, आणि दोन मिनिटं पुरणार नाहीत.